पंखावर हात फिरवल्याशिवाय निघत नाही

विनिपेग (कॅनडा), जानेवारी

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. बाहेर उणे तीस असलं तरी घर गरम असतं, तेव्हा आई, आणखी स्वेटर पाठवू नकोस.

बाबा, अमेरिकेतल्या मेरीलँडच्या विमान अपघाताची ती बातमी तुम्हाला कोणी दाखवली? तो 8 डिसेंबर 2014 चा अपघात. मी उडवते तसंच छोटं जेट होतं, हे खरं. पण उतरताना ढगातून येत असूनही पंखांवरचा बर्फ काढायची यंत्रणा चालूच केली नव्हती आणि वेग स्वच्छ पंखाच्या हिशोबाचा ठेवला होता. बर्फ धरलेल्या पंखाला विमान तोलून धरायला एरवीपेक्षा जास्त वेग लागतो, तेवढा नसेल तर तो दगा देतो. म्हणून बर्फ धरायची शक्यता असली की आम्ही यंत्रणा चालू ठेवतो आणि जास्त वेगाने उतरतो. मग धावपट्टी लांब लागते. ती पुरत नसेल तर दुसऱ्या विमानतळावर जातो. त्यावर कोणी ब्र काढत नाही, प्रवासी कितीही बडा असो. आणि तुम्ही टीव्हीवर बघता ती उणे तिसाची हवा कोरडी असते, तिच्यात बर्फ कमी धरतो. घोर असतो तो शून्याच्या आसपासच्या, विमानाला लागताच गोठणाऱ्या पावसाचा. तो असला की आम्ही निघतच नाही.

इथली एक रीत मात्र तुम्हाला वेडेपणा वाटेल. एवढ्या गारठ्यात कॅप्टन हातमोजा काढून उघड्या तळव्याने पंख चाचपतात. काचेसारखा पारदर्शक बर्फ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. पॉलिश पेपरइतका खरखरीत थर बसला तरी पंखाची उचल, म्हणजे विमान वर धरणारा जोर, 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते, म्हणून जराही चालवून घेत नाहीत. मग गाडी येते. आधी नारिंगी गरम द्रव मारून बर्फ वितळवतात, मग वरून दाट हिरवा द्रव. तो पंखावर टिकतो, नवा बर्फ धरू देत नाही आणि धावपट्टीवर वेग घेताना आपोआप ओघळून जातो. पण त्याची मुदत असते, बर्फ कसा पडतोय आणि पारा किती यावर ठरलेली. रांगेत मुदत उलटली तर परत फिरून पुन्हा फवारणी. खर्च बराच येतो, तरी कोणी कुरकुरत नाही. मला या लोकांचा हाच गुण फार आवडला.

या महिन्याचा हप्ता पाठवला आहे, थोडे जास्त टाकलेत. दांडिया बाजारच्या घराचे कागद बँकेतून सुटले की मला खरी झोप लागेल. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येता येत नाही, हिवाळ्यात रजा मिळत नाही. दादा-वहिनी आहेत, पण मी नाही, हे कळतंय मला. नागपूरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही आई, फक्त मुलगी उडणं सोडणार नाही हे त्यांना आधी सांग, मग फोटो पाठव.

उत्तरायणाला बाबांना गच्चीवर एकटं जाऊ देऊ नकोस, कठडा ठेंगणा आहे. ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा. त्या दिवशीची ड्युटी मी बदलून मागणार आहे, फोन जवळच ठेवीन.

तुमची
चिऊ