दोन इंच पुरे, पंत

नसरापूर,
बुधवार, रात्री

प्रिय पंत,

दादांची पिकअप माझ्या शेडमध्ये स्टँडवर चढवली आहे. काल दुपारी पुढचा डावा हँगर, म्हणजे स्प्रिंगचा पाटा चासीला टांगणारा कंस, काढला आणि त्यामागे जे दिसलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? चासीच्या खालच्या फ्लँजवर आडवा वेल्ड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणीतरी कधीतरी हँगरखाली पट्टी सारून गाडी उंच करायला गेलाय. वायर ब्रश मारला, तू ठेवून गेलेला डीपीचा, चीर दाखवणारा स्प्रे मारला, आणि पांढऱ्यावर लाल रेघ उठली. वेल्डला अगदी लागून, फ्लँजच्या कडेपासून आत गेलेली. हाताखालचं पोरगं विचारतंय, "काय झालं शेठ?" त्याला काय सांगणार! खिंडीतला तो उतार आणि रस्त्यावर पडलेला तो स्प्रिंगचा पाटा त्यानं पाहिलेला नाही. तू पाहिलायस.

आईचे गुडघे तसेच आहेत, माझी शुगर ताब्यात आहे. घरी सगळं ठीक.

आता मूळ गोष्ट. केळदच्या वरच्या वाडीचा रस्ता तुला माहीत आहे. पावसाळ्यात दोन चाकोऱ्यांच्या मधे जी पाठ उरते तिच्यावर सायलेन्सर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) घासतात. दादांचे दुधाचे कॅन रोज त्याच वाटेनं खाली येतात आणि कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणाला अडली, तरी हीच गाडी. त्यामुळे गाडी थोडी उंच हवी, हे मला मान्यच आहे. पण दादांच्या धाकट्याला चार इंच हवेत. त्यानं मोबाइलवर कसल्या कसल्या गाड्या पाहिल्यात आणि आता त्याला तसंच पाहिजे.

इथं आपलं जुनं भांडण आलंच. तू त्या वेळी मेसमध्ये ताटावरून उठून गेला होतास, पण माझं म्हणणं आजही तेच आहे. अख्ख्या अ‍ॅक्सलच्या गाडीला पाट्यांचे माउंट कितीही खाली घे, डिफ्रेन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. वर जाते ती चासी. गोळा उचलायचा तर टायर मोठा लागतो, आणि तिथंही वाढलेल्या व्यासाचा निम्माच हिस्सा पदरात पडतो. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ३० मिमी वाढतो, गोळा १५ मिमी वर येतो. बस. तू म्हणायचास, "मग उंच करायचीच कशाला?" सायलेन्सर, टाकी आणि ट्रान्सफर केस दगडावरून सुटावेत म्हणून, आणि तो टायर मडगार्डला न लागता फिरावा म्हणून. त्याला दोन इंच पुरतात. मिसळीची पैज तू हरला होतास, ती अजून बाकी आहे.

धाकट्याचा पहिला हट्ट होता लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी. मी त्याला खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. या गाडीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे, ठाम पिन मागे, जुन्या विलीज जीपपासून चालत आलेली रचना. शॅकल दोन इंचांनी लांबवलं तर गाडी जेमतेम एक इंच उचलते, कारण अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्याजवळ बसतो. वर पाट्याचं पुढचं टोक खाली जाऊन अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कास्टर, म्हणजे चाक वळतं त्या पिनेचा मागे कललेला कोन, कमी होतो. मग सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग स्वतःहून मधे येत नाही, गाडी भरकटते. हे सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, मग पाटे तापवून बाक वाढवू. पंत, मी हातातली पक्कड खाली ठेवली. स्प्रिंगच्या पोलादाला गॅसची ज्योत लावायची? कारखान्यात दिलेलं पाणी एकदा उतरलं की तो पाटा दिसायला पाटा, बाकी नुसती पट्टी. आपले वेल्डिंगचे मास्तर असते तर त्याला शेडबाहेर उभं केलं असतं.

म्हणून मी ठरवलं की पाट्याची दोन्ही टोकं सारखीच खाली घ्यायची. मागचा हँगर ५० मिमी खाली, पुढचा शॅकलचा माउंटही ५० मिमी खाली, शॅकल मूळ लांबीचं. कोन बदलत नाही, कास्टर आहे तिथंच. पण हँगर जितका खोल, तितका वळणावर बाजूचा जोर त्याला मुळापासून पिळतो. त्यामुळे ६ मिमी प्लेटचे गाल, आत गसेट, म्हणजे तिकोनी आधारपट्ट्या, आणि डाव्या-उजव्या हँगरांना जोडणारा आडवा पाइप. बूड रुंद ठेवलंय आणि चासीच्या उभ्या भिंतीवर बसवलंय. फ्लँजला एकही भोक नाही, एकही आडवा टाका नाही. जुने रिव्हेट डोकं घासून, ड्रिल मारून ठोकून काढले. त्या भोकांना रीमर मारून १०.९ ग्रेडचे बोल्ट बसवले, अगदी घट्ट बसणारे. तू नेहमी वेल्डच्या बाजूनं भांडायचास. पण चासी वाकते, पिळते, आणि तिला पिळायला वाव लागतो. कंपनी रिव्हेट मारते ती उगाच नाही. वेल्ड मी फक्त हँगरच्या स्वतःच्या सांध्यांना आणि चिरेला दिला.

चिरेचं असं केलं. टोकाला बारीक भोक मारून तिला थांबवलं, खोबण काढली, ७०१८ च्या वेल्डिंग रॉडनं भरली, घासून सपाट केली. पुन्हा डीपी. स्वच्छ. मग आतून पट्टी, दोन्ही टोकं तिरकी कापलेली, म्हणजे वेल्ड एका उभ्या रेषेत येत नाही. ओव्हनमधला रॉड एकेक करून काढत होतो. या पावसात रॉड उघडा राहिला की ओल पितो आणि वेल्ड आतून तडकतो, हे तू मला शिकवलंस, आणि तू ते मास्तरांच्या शिव्या खाऊन शिकलास.

जिगवर दोन्ही हँगर एकाच पिनेत ओवून टॅक केले. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या, सुतळी ताणून कर्ण मोजले. दोन्ही बाजू बरोबर. स्टिअरिंगच्या दांडीचा, ड्रॅग लिंकचा, तिरकसपणा वाढलाय, त्याचा वेगळा बंदोबस्त करतोय. ब्रेकचे होज लांब घेतले. आणि मागच्या ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी! चासी वर गेली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीला घाटात. त्या दांडीचा ब्रॅकेटही तेवढाच सरकवला. असल्या उंच केलेल्या गाड्यांत हे कुणी बघत असेल का, असं रात्री मनात येत राहतं.

इथवर मला चिंता नाही. चिंता पुढे आहे. माझ्या हातचा माउंट तुटणार नाही. पण ही गाडी माझ्या फाटकातून बाहेर गेली की धाकटा त्याच माउंटला लांब शॅकल लावणार, वर मोठे टायर, आणि लग्नसराईत मागच्या हौद्यात अख्खं वऱ्हाड उभं करणार. पंत, उभ्या माणसांचं वजन किती वर असतं! दूधाचे कॅन हौद्याच्या तळाशी बसतात, माणसं उभी राहतात. वळणावर गाडी कलते तेव्हा ती सगळी एकदम बाहेरच्या बाजूला झुकतात. दोन इंचांचं गणित मी करून बघितलंय, कॅनसाठी ते बसतं. चार इंच आणि वीस माणसं यांचं गणित मला करायचंच नाही.

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. मी दादांना म्हटलं, आधी आरटीओत लेखी विचारा, विम्यावाल्यालाही लेखी कळवा. नाही म्हणाले तर हेच माउंट कापून मूळ उंचीला करून देईन, पैसे घेणार नाही. दादा गप्प बसले. धाकटा हसला आणि म्हणाला, "काका, सगळेच करतात."

तेव्हा मी गाडी अडवून ठेवली आहे. जुने टायर, मूळ शॅकल, आणि आरटीओचं उत्तर येईपर्यंत किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. दादा नाराज आहेत, काल चहाही न घेता गेले. वाडीचं दूध सध्या भाड्याच्या जीपनं उतरतंय, त्याचा खर्च अंगावर येतोय, तेही मला दिसतं. दादांकडून वहिनींचा फोन आला होता, "भावजी, एवढं काय ताणता?" ताणणार. खिंडीतल्यासारखं परत बघायची माझी तयारी नाही.

तू एक कर. या रविवारी धाकट्याला फोन कर. माझं तो ऐकत नाही, मी त्याच्यासाठी रोजचा काका. तू ओमानमधल्या सोहारहून बोलणारा, वेल्डिंग इन्स्पेक्टर, तुझं वजन आहे. त्याला कायदा सांगू नकोस, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी सांगू नकोस. त्याला फक्त खिंडीत काय झालं ते सांग. तू सांगितलंस तरच त्याला पटेल, कारण तू खाली उतरला होतास. मी वरच उभा होतो.

चिऊ बारावीत ना आता? क्लासच्या फीचं कळव, संकोच करू नकोस. धनकवडीच्या स्लॅबचं पाणी मारायला मी पोरगं पाठवतोय. वहिनींना नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? पूर्वी घाटात उलटी होते म्हणून तू पुढची सीट अडवायचास आणि वर म्हणायचास की मी सस्पेन्शनचा अभ्यास करतोय. गणपतीत आलास की तुला हौद्यात बसवून केळदला नेतो. दोन इंचांचा अभ्यास नीट होईल.

तुझा,
बापू

ता. क. : तू विचारशीलच. बुशचे बोल्ट अजून सैल आहेत, चाकं जमिनीवर टेकून गाडी स्वतःच्या वजनावर बसली की मगच आवळणार, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. यू-बोल्ट नवे घेतलेत. नाना पेठेत चांगले रबर बुश मिळाले नाहीत, तिकडे मिळाले तर आठ आण. माप उद्या पाठवतो.