फ्रिट्झ वुंडरलिश ऐकण्याबद्दल

प्रिय अव्या,

परवा फोनवर फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन ऑपेरा-गायकाचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "अरे, ऐन उमेदीत गेला म्हणून त्याचं एवढं कौतुक. म्हातारा होईपर्यंत गायला असता तर चारचौघांतला एक ठरला असता." तुझ्यासमोर शिष्य बसले होते, म्हणून मी वाद घातला नाही. पण ते वाक्य मनातून जाईना. तू गाणारा माणूस आहेस, दुसरं कुणी म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं.

त्याच्या मरणाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते पुढे आडवं येणार नाही. सप्टेंबर १९६६. ओबरडर्डिंगन नावाच्या गावात मित्राच्या शिकारघरी मुक्काम होता. रात्री दगडी जिन्यावरून पडला, डोक्याला मार लागला, आणि १७ तारखेला हायडलबर्गच्या रुग्णालयात गेला. छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदाच गाणार होता, मोझार्टच्या 'डॉन जोवान्नी'मधली डॉन ओत्ताव्योची भूमिका. घरी बायको आणि तीन लहान मुलं. झालं. त्याच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात, आणि तुझ्यासारख्याचा मग असा समज होतो.

आता गाण्याकडे येऊ. जन्म १९३० चा, जर्मनीच्या नैर्ऋत्येला प्फाल्झमधल्या कूसेल या लहानशा गावात. आई व्हायोलिन वाजवायची, वडील वाद्यवृंद आणि गायकवृंद चालवायचे. पहिल्या महायुद्धात वडिलांना जबर जखम झालेली, त्यात गावातल्या नाझींच्या दबावामुळे काम गेलं. त्यांनी जीव दिला तेव्हा फ्रिट्झ पाच वर्षांचा होता. आईने वाद्यांच्या शिकवण्या करून घर चालवलं. हा वाढला तो वाजवत, गात आणि काम करत. काही काळ बेकरीत होता. आवाज ऐकून लोकच म्हणायला लागले की हा पोरगा शिकला पाहिजे. शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५० मध्ये तो फ्रायबुर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. खर्च भागवायला रात्री नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि अकॉर्डियन वाजवायचा, गायचाही.

तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिथे तो नुसतं गाणं शिकला नाही, हॉर्नही शिकला. ते पितळी वाद्य कसं असतं तुला ठाऊक आहे, फुंक जरा हलली की सूर फुटतो. त्याचा दमसास तिथून आला असं मानतात आणि मला ते पटतं. लांब ओळीच्या शेवटी इतर गायक श्वास पुरवून पुरवून वापरताना ऐकू येतात. याच्याकडे शेवटच्या स्वरालाही ऐवज शिल्लक असतो, आवाज बारीक होतो पण पोकळ होत नाही. मार्गारेटे फॉन विंटरफेल्ट या त्याच्या गुरू. पाच वर्षं त्यांच्याकडे आवाज घडला.

१९५५ मध्ये स्टुटगार्टच्या ऑपेरात लागला. सुरुवातीला किरकोळ भूमिका. मग योझेफ ट्राक्सेल हे तिथले मोठे टेनर (पुरुषांतल्या चढ्या आवाजाचे गायक, वुंडरलिशही त्यातलाच) गाऊ शकणार नव्हते, म्हणून मोझार्टच्या 'जादूची बासरी'तला राजपुत्र टामिनो याला मिळाला. त्यानंतर मागे वळून पाहिलं नाही. फ्रँकफर्ट, म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना. ती यादी देत नाही, कुठेही मिळेल.

टामिनोचं पहिलं गाणं मात्र माझ्यासाठी ऐक. वाद्यवृंद-संचालक कार्ल ब्योम यांनी १९६४ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण घे. राजपुत्राच्या हातात एका मुलीचं चित्र आहे, तिला त्याने पाहिलेलंही नाही. तुझ्या भाषेत सांगतो. गाणं खर्जातल्या पंचमावर सुरू होतं आणि लगेच पुढचा स्वर थेट मध्य सप्तकातला गंधार. मध्ये काही नाही, मींड नाही, पायरी नाही. बहुतेक टेनर त्या गंधारावर आपटतात, किंवा खालून घसरत तिथे जातात. वुंडरलिश पंचम असा लावतो की गंधार त्यातच दडलेला वाटतो, आणि वर गेल्यावर जोर वाढत नाही, उजेड वाढतो. दोन स्वरांत तो मुलगा प्रेमात पडलेला असतो. हे वयाने येत नाही आणि नशिबानेही येत नाही. तू रोज सकाळी षड्ज लावतोस, तुला हे मी काय सांगावं.

शिवाय ऑपेराच्या रंगमंचावर हे सगळं मायक्रोफोनशिवाय, पुढ्यात वाद्यवृंद. जर्मन भाषेत व्यंजनं एकमेकांना खेटून येतात, गाताना ओळीचे तुकडे पडतात. हा प्रत्येक व्यंजन स्वच्छ म्हणतो आणि खालची स्वरांची धार तुटू देत नाही. शब्दांसाठी स्वर सोडणारे आणि स्वरांसाठी शब्द गिळणारे, दोन्ही प्रकार आपण आपल्याकडेही पुष्कळ ऐकले.

संगीतकार मालरचं 'पृथ्वीचं गीत' क्लेम्परर या संचालकांनी केलेलं आहे, त्यात पहिलं गाणं याचं. वाद्यवृंद अक्षरशः अंगावर येतो. "काळोखं आहे जीवन, काळोखं आहे मरण" हे पालुपद तीनदा येतं आणि दर वेळी अर्ध्या स्वराने वर चढतं. तिन्ही वेळा ऐक. तिसऱ्यांदाही तो ओरडत नाही. संगीतकार हायडनच्या 'सृष्टी'चं संचालक करायानबरोबरचं मुद्रण मात्र अर्धवट राहिलं. उरलेले पठणवजा भाग नंतर वेर्नर क्रेन गायले, म्हणून त्या रेकॉर्डवर एका टेनरच्या जागी दोन आहेत.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. ऑपेरात नाव गाजत असताना हा माणूस लीड शिकायला बसला. लीड म्हणजे एक कविता, एक गायक, एक पियानो. वेशभूषा नाही, कथा नाही, आवाजाच्या ताकदीवर निभावून नेता येत नाही. वयाने बरेच मोठे असलेले पियानोवादक ह्युबर्ट गीझन यांच्याबरोबर त्याने हा अभ्यास केला. जर्मन कवी हाइनेच्या कवितांवर संगीतकार शूमाननं बांधलेली सोळा गाणी आहेत, 'कवीचं प्रेम'. ती त्याने गीझन यांच्याच साथीने ऑगस्ट १९६५ मध्ये साल्झबुर्गला गायली आणि ४ सप्टेंबर १९६६ ला एडिंबरोला. दोन्ही मैफली ध्वनिमुद्रित आहेत. साल्झबुर्गला आवाज देखणा आहे, गाणारा आपल्या आवाजावर खूश आहे आणि ते आपल्याला कळतं. एडिंबरोला तो आवाजाकडे बघतच नाही. "माझा राग नाही" या सातव्या गाण्यात तर कविता बोलते आहे असंच वाटतं. एका वर्षात माणूस इतका पुढे गेला होता. म्हणून मला तुझं म्हणणं मान्य नाही. तो लवकर गेला म्हणून मोठा ठरला नाही. मोठा होताच, आणि अजून वाढत होता.

दोन्ही मुद्रणं तुला पाठवतोय. आधी साल्झबुर्ग, मग एडिंबरो, एकाच बैठकीत. शिष्यांनाही ऐकव, जर्मन येत नसलं तरी चालेल, कवितांचा अर्थ मी वेगळ्या कागदावर लिहिला आहे. सातव्या गाण्यावर तुझं काय म्हणणं आहे ते मात्र फोनवर नको, लिहून कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्री