आपा, तुम्ही मला नुक्ते वाचायला शिकवलं

आपा, सलाम.

हे मराठीत लिहायलोय, कारण उर्दूत एवढं लांब लिहायला माझा हात अजून बसला नाही आणि तुमची नात तुम्हाला वाचून दाखवंल हे माहीत आहे. समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही 'हौ हौ, चाय पियो पहले' म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

दोन वर्षांमागं तुमच्या दारात आलो तेव्हा हातात एक झेरॉक्स होती. पणजोबांच्या जमिनीची उर्दूतली नक्कल, निजामाच्या वेळची, 1343 फसलीची. फसली म्हणजे तेव्हाच्या सरकारी दफ्तरातलं साल. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1933 च्या आसपासची, हे पण तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं. एका ठिकाणी पैसे देऊन मी तिचं मराठी करून आणलं होतं आणि त्यात पणजोबांचं नाव 'बाबा' आलं होतं, आमच्या घरात तर ते नाना, सगळ्या कागदावर नाना, वडील म्हणाले सोडून दे, हा कुणीतरी दुसराच माणूस असंल. तुम्ही झेरॉक्स बघितली न बघितली तोच म्हणालात, "असल कागज लाओ, इसमें नुक्तेच नै दिखते." नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके.

असल कागद आणला. तुमच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तरी खिडकीपाशी भिंग घेऊन अर्धा तास बसलात. मग मला जवळ बोलावून दाखवलं की उर्दूत नून, बे, पे, ते ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला सगळी सारखीच, एक छोटा दात, फरक फक्त ठिपक्यांचा. वर एक ठिपका तर न, वर दोन तर त, खाली एक तर ब, खाली तीन तर प. म्हणजे नाना आणि बाबा यांचा सांगाडा एकच! घाईत लिहिणारे कारकून ठिपके गाळायचे, जे दिले ते शाईसोबत उडाले. पण दुसऱ्या दाताच्या वर एक पुसट ठिपका होता, खाली काहीच नव्हतं. पुढं 'वल्द सटवाजी' असं बापाचं नाव स्वच्छ निघालं. माझा पणजोबा सापडला तो त्या एका ठिपक्यामुळं.

त्याच दिवशी मी म्हणालो मला शिकवा. फी विचारली तर रागावलात.

तुमच्यासारखं शिकवणं मी कुठंच बघितलं नाही. कायदा म्हणजे उर्दू मुळाक्षरांचं पुस्तक समोर ठेवलं नाही, माझ्याच तोंडातले शब्द घेतले. जमीन, जिल्हा, जिम्मा, जुलूम. मराठीत चारीला एकच ज, आणि तुम्ही चार वेगळी अक्षरं लिहून दाखवली, जमिनीचा ज़े, जिल्ह्याचा ज़ाद, जिम्म्याचा ज़ाल, जुलमाचा ज़ोय. मी विचारलं कामून चार, तर तुम्ही सांगितलं की अरबीत हे चार वेगळे उच्चार आहेत, फारसीत अन् उर्दूत येता येता आवाज एक झाला पण लिहिताना शब्दानं आपलं मूळ अक्षर सोडलं नाही. त्या दिवसापासून सातबारा असो का तहसीलचा अर्ज, मला अर्ध्या शब्दांमागं त्यांचं जुनं गाव दिसतं.

आणि उलटा रस्तापण तुम्हीच दाखवला. तुमच्या घरात पोरं 'नक्को' म्हणतात, 'आजीच जाना' म्हणतात, तो नको आणि तो च आपल्या मराठीतून दखनीत, म्हणजे तुमच्या इकडच्या उर्दू बोलीत गेला. ह्याच दखनीच्या मुलखातला शायर वली औरंगाबादी 1700 साली दिल्लीला गेला आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना कळलं की आपल्या बोलीतबी गझल होते, हे सांगताना तुमचा चेहरा मी विसरणार नाही.

आता वहीचं. आजोबा 1948 च्या पोलीस अॅक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, उर्दूत शिकलेले, त्यांची एक बारकी वही आमच्या संदुकीत होती, घरात कुणाला वाचता येत नव्हती, सगळ्यांना वाटायचं काहीतरी सरकारी असंल. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः बसून अक्षर अक्षर लावत गेलो तर शब्द उर्दू लागंनात. दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला की अक्षरं उर्दू आहेत, भाषा मराठी आहे! बाजारचा हिशोब. पण एक अक्षर अडलं, लामवर म्हणजे ल वर तोय नावाचं अक्षर बारकं करून काढलेलं. तुमच्याकडं पळत आलो. उर्दूत ट, ड, ड़ दाखवायला तसा छोटा तोय वर देतात, लामवर मात्र देत नाहीत, कारण उर्दूत ळच नाही. तुम्ही दोनदा वाचलं आणि म्हणालात, "अरे, तुम्हारे दादा तो अपना हर्फच बना लिये." डाळ. गूळ. तो तोय नसता तर गूळ 'गोल' वाचला असता.

मी नंतर शोधलं तर पाकिस्तानातल्या पंजाबीतबी ळ साठी लामवर असाच छोटा तोय देतात, 2020 साली ते अक्षर युनिकोडमधे आलं. आमच्या आजोबांनी मोंढ्यातून सामान आणता आणता ते स्वतःच्या सोयीनं केलं होतं.

त्या रात्री वडिलांना वाचून दाखवलं. डाळ दोन शेर, गूळ, केरसुणी, बैलाला कासरा, 'पोराला टोपी'. तो पोरगा म्हणजे वडीलच. लई वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले टोपीचं परत वाच.

आपा, हे तुमच्यामुळं झालं. लई लई शुक्रिया. वहीची अकरा पानं राहिलीत, त्यात एका पानावर कुठल्यातरी लांबच्या गावाचं नाव आहे, ठिपके उडालेत, मला लागत नाही. रविवारी भिंग घेऊन येतो, दुसऱ्या डोळ्याचं औषध वेळेवर टाकत जा.

तुमचा,
खालच्या गल्लीतला शागिर्द