फोम-बाहुलीच्या किटमधला चुकीचा फोम आणि आखूड नमुने याबाबत तक्रार

कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
दि. 28 जुलै

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: बोलक्या बाहुलीच्या किटमधील सदोष साहित्य बदलून मिळणे व डब्यावर धोक्याची सूचना छापणे.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

मी कुडाळला 18 वर्षं ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. पिंगुळी इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर मंडळींच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या बघतच मी मोठी झाले. पण अंगणवाडीतल्या मुलांसाठी मला आत हात घालून तोंड हलवता येईल अशी मऊ बाहुली करायला शिकायची होती. म्हणून मी आणि माझी मैत्रीण (ती अंगणवाडी सेविका आहे) आम्ही दोघींनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आपलं व्हिडिओ-वर्गासकटचं किट मागवलं. प्रत्येकी 2,499 रुपये. तिच्या मानधनातून एवढी रक्कम बाजूला काढणं सोपं नव्हतं, हे आधीच सांगते.

आपले व्हिडिओ चांगले आहेत. शिकवणाऱ्या ताई जीव लावून शिकवतात. अमेरिकेतले बाहुलीकार जिम हेन्सन यांनी 1955 साली आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगचा अर्धा-अर्धा कापलेला चेंडू वापरून पहिला कर्मिट (त्यांची पुढे जगभर गाजलेली बाहुली) केला, ही गोष्ट त्यांनी पहिल्याच धड्यात सांगितली आणि आम्हा दोघींना हुरूप आला. बोलताना चार बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा, नाहीतर बाहुली आभाळाकडे बघून बोलते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. माझी तक्रार शिकवण्याबद्दल नाही, खोक्यातल्या सामानाबद्दल आहे.

पहिला दोष नमुन्यांचा. व्हिडिओतल्या ताई तोंडाची पट्टी मोजतात तेव्हा टेपवर रुंदी 5 इंच दिसते. आमच्या खोक्यातल्या कागदावर तीच पट्टी साडेतीन इंच भरली. आधी वाटलं, मीच चुकीच्या रेघेवर टेप धरला. मग एकेक तुकडा मोजला. सगळेच त्याच प्रमाणात आखूड. ए-थ्री कागदावर छापायचे नमुने आपण ए-फोरवर छापलेत, म्हणजे प्रत्येक माप साधारण 70 टक्क्यांवर आलं. कागदावर एक इंचाचा चौकोन छापला असता तर तो मोजून कोणीही पहिल्याच मिनिटाला ओळखलं असतं. त्यात नमुना लहान झाला तरी फोमची जाडी तेवढीच, 12 मिलिमीटर. ती दोन्ही बाजूंनी आत येते. चिकटवलेल्या डोक्यात माझी बोटं पेरांपर्यंतच गेली.

दुसरा दोष फोमचा, आणि हा जास्त गंभीर. जाहिरातीत आणि व्हिडिओत आहे तो गादी-सोफ्याचा पीयू फोम. मुठीत दाबून सोडला की लगेच फुगून मूळ आकाराला येतो. बाहुलीचा गाल गालासारखा दिसतो तो याच गुणामुळे. खोक्यात निघाला टीव्हीच्या पॅकिंगमध्ये येतो तसला पांढरा ईपीई फोम. दुमडला की घडी पडते आणि ती घडी जात नाही. तोंड उघडलं की कचकच आवाज येतो. शिवाय आपण चिकटवायला दिलेलं पिवळं सोल्यूशन त्याला धरतच नाही. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे दोन्ही कडांना लावलं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मग कडेला कड लावून दाबली. सकाळी टक्स (गोलाईसाठी फोमला दिलेल्या, कडा जोडून चिकटवायच्या चिरा) उकललेले. टक्सच उकलले तर सपाट तुकड्याला डोक्याची गोलाई येणार कशी?

कापडाचंही तेच. व्हिडिओत वापरलेलं फ्लीस (जॅकेटचं मऊ, लवदार कापड) आडवं ताणलं जातं म्हणून गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. आपण पाठवलेलं कापड आडवं ओढलं, उभं ओढलं, तिरकं ओढलं, सूतभरही सरकलं नाही.

आता मैत्रिणीबद्दल. माझ्या हातात रोज कापड असतं, म्हणून मला संशय आला. तिला आला नाही. तिने रात्री मुलं झोपल्यावर तीन वेळा डोकं चिकटवलं, तीनदा ते सुटलं. चौथ्या दिवशी सगळं खोक्यात भरून माझ्याकडे आणून दिलं आणि म्हणाली, "अगो, माझ्या हातात कलाच नाय." 2,499 रुपयांपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. शिकणाऱ्या माणसाला सामानातली खोट दिसत नाही, तो स्वतःलाच दोष देतो. म्हणून शिकाऊ किटमधलं सामान कारागिराच्या सामानाहून जास्त तपासून द्यायला हवं.

सोल्यूशनबद्दल वेगळं लिहिते. खोक्यावर "8 वर्षांवरील मुलांसाठी" असं छापलंय. आतल्या डब्यावर मात्र वाफ हुंगू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, विस्तवापासून दूर ठेवावं, यातलं एक अक्षर नाही. माझी 9 वर्षांची पुतणी शेजारी बसली होती. पाऊस म्हणून खिडकी लावलेली. दहा मिनिटांत तिचं डोकं दुखायला लागलं. मी तिला तिथून उठवलं आणि डबा पडवीत नेला. हे सोल्यूशन मुलांच्या किटमध्ये असूच नये.

20 जूनला मी फोटोंसह ईमेल केला. चॅटवर दोनदा उत्तर मिळालं: "कृपया व्हिडिओ पुन्हा पाहा" आणि "उघडलेलं किट परत घेतलं जात नाही". किट उघडल्याशिवाय आतला फोम कळणार कसा? ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. दोन्ही मुदती उलटल्या.

मधल्या काळात मी हात बांधून बसले नाही. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून नमुने 141 टक्के मोठे करून घेतले, गादीवाल्याकडून 12 मिलिमीटरच्या फोमचा तुकडा आणला आणि जुन्या फ्लीसच्या जॅकेटच्या बाह्या उसवल्या. रविवारी दुपारी टाके आतल्या आत लपवत शिवण घातली, हात आत घातला, अंगठा खाली नेला आणि बाहुलीने तोंड उघडलं. कुठे घडी नाही, आवाज नाही. म्हणजे आपलं डिझाइन पक्कं आहे. त्याचा फोटो सोबत जोडला आहे.

तरी आम्हा दोघींना योग्य फोम, ताणलं जाणारं कापड आणि पूर्ण मापाचे नमुने 15 दिवसांत पाठवावेत, नाहीतर दोन्ही बिलांचे पूर्ण पैसे परत करावेत. हे किट घेतलेल्या बाकीच्या सगळ्यांना नमुने चुकीच्या मापाचे असल्याचं आपणहून कळवावं. सोल्यूशनवर मराठीतून सूचना छापावी आणि मुलांच्या किटमधून ते काढून टाकावं. यातलं काही झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवणार आहे.

दोन्ही बिलं, टेप लावून काढलेले नमुन्यांचे फोटो आणि चॅटची प्रत सोबत आहे. मैत्रिणीचं बदली किट तिच्याच पत्त्यावर पाठवावं, माझ्याकडे नको. ते तिने स्वतः उघडायला हवं.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व पत्ता बिलाप्रमाणे)