सगळ्यालाच ‘भीती’ कशाला म्हणायचं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत भीतीच्या संशोधनावर पानभर लेख आला होता. लेख आवडला, पण त्यात ‘ॲमिग्डला हे मेंदूतलं भीतीचं केंद्र, ते निकामी झालं की माणूस निर्भय’ असं ठोकून दिलंय, ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. मी काही शास्त्रज्ञ नाही हां, ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवून रिटायर झालो, आता थोडा ऊस आणि दोन गाई बघतो, त्यामुळे वाचायला वेळच वेळ आहे.

ज्या बाईवरून हे वाक्य आलंय तिला सगळे शोधनिबंध एस. एम. एवढंच म्हणतात. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात तिच्या दोन्ही बाजूंचे ॲमिग्डला गेले. तिला साप विकणाऱ्या दुकानात नेलं, तर एरवी मला साप बिलकुल आवडत नाहीत म्हणणारी ही बाई साप हातात घेऊन खेळवत बसली आणि त्या मोठ्या सापांना हात लावू का म्हणून दुकानदाराच्या मागेच लागली. भुताटकीच्या शोला नेलं तर भूत झालेल्या नटाच्याच डोक्याला हिने बोट लावून बघितलं, दचकला तो! इथपर्यंत तुमचा लेख बरोबर आहे. पण पुढचं राहिलं ना, 2013 साली तिला मास्कमधून 35 टक्के कार्बन डायऑक्साइडवाली हवा एकदाच श्वासात घ्यायला दिली आणि तिची अशी काही घाबरगुंडी उडाली की ती मास्क ओढून काढायला लागली. म्हणजे सापाचं, भुताचं भय गेलं पण जीव गुदमरल्यावरची घबराट शाबूत. मग केंद्र राहिलं कुठं?

गंमत म्हणजे उंदरांवर काम करून ॲमिग्डला जगभर गाजवला तो न्यूयॉर्कच्या मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी, आणि 2014 मध्ये त्यांनीच लिहिलं की बाबांनो हा शब्द जरा जपून वापरा. उंदीर आवाज ऐकून जागच्या जागी थिजतो ते धोका ओळखणाऱ्या सर्किटचं काम, आणि ‘मला भीती वाटतेय’ असं मनात उमटतं ती वेगळी गोष्ट, दोन्हीला एकच शब्द लावल्याने घोळ होतो.

आता हा घोळ इंग्रजीवाल्यांना परवडेल, आपल्याला कशाला? आपल्याकडे दचकणं वेगळं, बुजणं वेगळं, धास्ती वेगळी, धसका वेगळा, दरारा तर वेगळाच. बैल रस्त्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला बुजतो, त्याला कोणी बैलाला धास्ती बसली म्हणत नाही. आणि गेल्या वर्षी गोठ्यामागे बिबट्या फिरून गेला तेव्हा आमची गाय पुढचे काही दिवस पान्हा चोरत होती, नुसता कुत्रा भुंकला तरी कान टवकारून उभी, त्याला मात्र धसकाच म्हणायचं.

कॅनडात चिमण्यांवर एक भारी प्रयोग झालाय, 2011 सालचा. घरट्यांना जाळ्या आणि विजेची कुंपणं लावली म्हणजे खरा शिकारी कुणी येऊच शकत नाही, आणि मग स्पीकरवर शिकारी प्राण्यापक्ष्यांचे नुसते आवाज लावले. तेवढ्यावर त्या चिमण्यांना पिल्लं 40 टक्क्यांनी कमी झाली. कमी अंडी, चारा आणायला कमी फेऱ्या. घरट्यातलं एकही अंडं-पिल्लू कुणी खाल्लं नाही. हीच ती धास्ती, आणि इकॉलॉजीवाले फियर म्हणतात तेव्हा त्यांना हे म्हणायचं असतं, मेंदूतलं केंद्रबिंद्र नाही.

त्याच मंडळींनी पुढे दक्षिण आफ्रिकेत क्रूगर अभयारण्याच्या पाणवठ्यांवर सिंहाचे आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, बंदुकीचे बार आणि माणसांचं साधं बोलणं असं आलटून पालटून वाजवलं, निकाल 2023 ला आला. माणसाचं बोलणं ऐकून प्राणी पळून जाण्याचं प्रमाण सिंहाच्या आवाजापेक्षा दुप्पट निघालं. हत्तींनी तर सिंहाच्या आवाजावर उलट चाल केली, माणसाच्या आवाजावर मात्र काढता पाय घेतला. याला मराठीत दरारा म्हणतात. आमच्याकडे शेताची लाईट रात्रीची असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारे मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून नाहीतर आपापसात मोठ्याने बोलत जातात, ते कुणी क्रूगरचा पेपर वाचून नाही. अर्थात आमचे बिबटे उसातच जन्मलेले, माणसाची बडबड ऐकतच मोठे झालेले, त्यांना हा दरारा तेवढाच वाटतो असं मी म्हणणार नाही.

दराऱ्यावरून माणसाच्या धास्तीवर येतो, कारण तिचा हिशोबही आमच्याच जुन्नर भागात झालाय. लोक धास्तावले की पिंजरा मागतात, पिंजऱ्यात सापडला तो बिबट्या लांब जंगलात सोडायचा असं 2001 पासून जोरात झालं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मोजलं तर आधी वर्षाला सरासरी माणसांवर 4 हल्ले होत होते ते त्या काळात 17 वर गेले. धास्तीवर केलेल्या उपायाने धास्तीचं कारणच वाढवून ठेवलं, हे तुमच्या लेखात एका ओळीनेही नाही.

लहान पोराला मुद्दाम घाबरवायचा 1920 चा वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग तुम्ही रंगवून सांगितलाय, पोरापुढे पांढरा उंदीर ठेवायचा आणि मागून लोखंडी सळईवर हातोडा मारून दणका करायचा, वगैरे. ठीक आहे. पण 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या पोराला खाऊ देत देत ससा रोज थोडा थोडा जवळ आणला, शेवटी पोरगा त्याला कुरवाळायला लागला, ते गाळलंत. त्याला तर आपल्याकडे तयार शब्द आहे, भीड चेपणं. पोराला घाबरवलं त्याला चार परिच्छेद आणि जिने भीड चेपवली तिचं नावसुद्धा नाही, हे काही बरं नाही.

पुढचा भाग येणार असं छापलंय म्हणून एवढं लिहिलं, लेखकापर्यंत पोचवा. आणि हो, त्या चित्रात ॲमिग्डला एकाच बाजूला दाखवलाय, दोन असतात, तेवढं तरी दुरुस्त करा.

आपला,
एक जुना वाचक, ता. जुन्नर