राउटर बदलू नकोस

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फ्रँकफर्टच्या कॉलवर आवाज तुटतो आणि स्पीड टेस्ट मात्र १०० एमबीपीएस दाखवते, म्हणून राउटर बदलायला निघालास? थांब. ती टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, तिचा आकडा वेशीपर्यंतचाच. सर्व्हर हाताने फ्रँकफर्टचा निवड आणि पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघ. मुंबईहून एरवी सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद लागतात. ३०० च्या पुढे गेलं तर कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट (tracert) चालव, ती संदेशाच्या वाटेतले टप्पे दाखवते. टप्प्यांच्या नावांत बहुधा शहरांची आद्याक्षरं असतात. फ्रान्समधल्या मार्सेयऐवजी सिंगापूर, लॉस एंजेलिस दिसलं, तर तुझा आवाज पृथ्वीला उलटा वळसा घालतोय. समुद्राखालच्या केबलमधला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. त्यात नवा राउटर काय करणार?

मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या बऱ्याच केबल्स तांबड्या समुद्रातूनच जातात. त्या तुटल्या की वाट अशी उलटी वळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनच्या हुती बंडखोरांनी ‘रुबीमार’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र डागलं. खलाशी उतरले, जहाज नांगर ओढत वाहत राहिलं, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मते त्याच नांगराने तीन केबल्स तोडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीतल्या जेद्दाजवळ आणखी काही तुटल्या. लोक लगेच घातपात म्हणतात. पण जगात वर्षाला दीडशे-दोनशे वेळा केबल बिघडते, आणि बहुतेकदा दोष मासेमारीचा नाहीतर नांगराचा असतो. खोल पाण्यात ती जेमतेम अंगठ्याएवढी जाड. पोलादी तारांचं चिलखत असतं ते किनाऱ्याजवळ.

दुरुस्तीचं तंत्र जुनंच आहे. प्रकाशाची स्पंदनं सोडून ती किती वेळात परततात यावरून तुटलेली जागा काढतात. जहाज गळ टाकून एक टोक वर आणतं, तपासून तरंगत्या बोयाला बांधतं, मग दुसरं टोक, आणि मधे नवा तुकडा. समुद्र शांत असेल तर काही दिवसांचं काम. महिने जातात ते परवानगीत: येमेनच्या पाण्यात सही कोणाची घ्यायची, एडनच्या सरकारची की सनातल्या हुतींची? खरं राजकारण इथे आहे, क्षेपणास्त्रात कमी.

तोवर व्हिडिओ बंद ठेव, नुसता आवाज. मोठ्या फायली आपल्या सकाळी पाठव, तेव्हा युरोप झोपलेला असतो. मोबाइल हॉटस्पॉटवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमने, तीच पिंग घे. तिची क्षमता वेगळ्या केबलवर असेल तर फरक लगेच दिसेल. व्हीपीएनला पैसे घालायची घाई नको. कधी वाट सुधारते, पण बऱ्याचदा एक थांबा वाढतो एवढंच.

ट्रेसर्टचा फोटो पाठव, कुठून वळतंय ते सांगतो.

तुझा,
विनय