सूचना: नाताळनिमित्त वडाळा भेट

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

नाताळाआधीच्या रविवारी उपासना संपताच आपण वडाळ्याच्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात जाणार आहोत. हे रुग्णालय 1890 पासूनचे. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, तरी बरे झालेल्या कितीतरी जणांना घरचे परत नेत नाहीत. सणाला त्यांच्याकडे कोण येणार?

यंदा आपल्यातल्या अनेकांचे काम सुटले आहे, पगार रखडले आहेत. म्हणून वर्गणी नाही. घरी करंज्या, शंकरपाळी होतील त्यातली मूठभर आणा, पुष्कळ झाले. ज्यांना झेपेल त्यांनी मऊ तळव्याच्या चपला द्याव्यात. या रोगाने बधिर झालेल्या पावलांना जखम झालेली कळत नाही. मापे परिचारिकांना विचारून कळवू.

बायबलमधले मार्क 1:41 वाचून या. येशूने त्या कुष्ठरोग्याला आधी हात लावला, मग शब्द उच्चारला. आपणही लांबून गाणी म्हणून परतायचे नाही. शेजारी बसायचे, त्यांचे ऐकायचे. प्रार्थना त्यांनी मागितली तरच. फोटो काढू नयेत.

गायनपथकाने पेटी, तबला घ्यावा. मुलांनाही आणा. नावे शुक्रवारपर्यंत द्यावीत.

सचिव, पंच कमिटी